पापडांसोबत वाळलेलं गाणं

मित्रांनो, मी गोल आहे, काळी आहे आणि थोडी वाकडी आहे. पहिल्या दोन गोष्टी कारखान्याच्या, तिसरी औरंगाबादच्या उन्हाची. शहागंजात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या युसूफमियाँची मी जुनी तबकडी. माझं वय विचारू नका. मी जन्मले तेव्हा तुमच्या आजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं.

माझं अंग लाखेचं. म्हणजे लाखेच्या बांगड्या माझ्या चुलत बहिणी लागतात. त्या लग्नाकार्यात मिरवतात आणि मी पेटीत पडून असते, ज्याचं त्याचं नशीब. कारखान्यात लाखेचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला आणि माझ्या अंगावर बारीक रेघ उमटली. त्या रेघेत एक बाई गाते. एका बाजूला ती कावळ्याला माहेरचा निरोप विचारते. दुसऱ्या बाजूला त्याच कावळ्यावर रागावते. मधल्या वेळात कावळ्यानं काय केलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

निजामावर पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एका हॉटेलात चहा पिताना युसूफमियाँनी तिथल्या बाज्यावर माझं गाणं ऐकलं आणि बशीतला चहा बशीतच राहिला. ते तडक उठले, दुकान गाठलं आणि मला घेऊन घरी आले.

घरी आल्यावर मला समजलं की या घरात ग्रामोफोनच नाही.

तबकड्या मात्र एक्केचाळीस होत्या. मी बेचाळिसावी. त्यांच्या बेगम, कमरुन्निसाभाभी, दारातच उभ्या होत्या.

"बजाना नै तो लाते कायकू जी?"

"बाजा कभी भी मिलता," युसूफमियाँ शांतपणे म्हणाले. "गाना हाथ से गया तो गया."

यावर भाभींनी कपाळाला हात लावला. पुढच्या महिन्यात त्रेचाळिसावी आली.

दर शुक्रवारी नमाजहून आल्यावर युसूफमियाँ आम्हाला पेटीतून काढत, मलमलीनं पुसत आणि जिचं तिचं गाणं गुणगुणत. "रेडिओवरचं गाणं पाहुणं असतं," ते मला सांगत. "त्याच्या मर्जीनं येतं, त्याच्या मर्जीनं जातं. तू घरची." घरची खरी, पण मी कधी तोंड उघडलं नाही. माझ्या वतीनं तेच गायचे.

आता शेजारचं ऐका. गच्चीच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे आप्पासाहेब राहायचे. गाव पाचोड, नोकरी कचेरीत. त्यांच्याकडे ग्रामोफोन होता, सुयांची न उघडलेली डबी होती आणि तबकडी एकही नव्हती. सासऱ्यांनी लग्नात बाजा दिला आणि तबकड्या दिवाळसणाला देतो म्हणाले. दिवाळसणाला जावयाला पाट मिळाला तो एका बाजूनं डुगडुगणारा. आप्पासाहेब रुसून जेवणावरून उठले, ते बारा वर्षं रुसलेलेच.

"तबकड्या सासऱ्यानं कबूल केल्यात," ते म्हणत. "म्या कशाला इकत घेऊ?"

मग युसूफमियाँच्या तबकड्या वाजवाव्यात की! पण युसूफमियाँ म्हणत, "तबकडी नाजूक चीज. घराबाहेर निघणार नाही. तुम्हीच बाजा आणा." आप्पासाहेब म्हणत, "बाजा जावयाच्या मानाचा हाय. मान कुणी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठिवत नाय." दोघं रोज गच्चीवर गप्पा मारत. एकाच्या घरी गाणी, एकाच्या घरी गळा, आणि मधे भिंत. असं कितीतरी वर्षं चाललं.

आणि एका शुक्रवारी आक्रीत घडलं. युसूफमियाँनी मला पुसायला घेतलं, गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि दुसरीपाशी थांबले. पुन्हा पहिली म्हटली. पुन्हा थांबले. दुसऱ्या ओळीची चाल त्यांना आठवेना. मित्रांनो, ती ओळ माझ्या अंगावर होती, थेट त्यांच्या अंगठ्याखाली! पण मला सुईशिवाय वाचा फुटत नाही.

ते त्या हॉटेलात गेले. तिथं आता बाजा जाऊन रेडिओ आला होता. आठ दिवस ते चहावर चहा पीत बसले आणि रेडिओनं त्यांना कापसाचा भाव सांगितला. जेवताना, दुकानात, घड्याळ उघडताना, सारखी तीच एक ओळ. गिऱ्हाइकाचं घड्याळही त्यांनी दोनदा उलटं जोडलं. "मेरे घर में है, और मेरे पास नै," असं ते भाभींना म्हणाले.

शेवटी त्यांनी हार मानली. मला घेऊन स्वतः आप्पासाहेबांकडे जायचं ठरलं.

पण पहिल्यांदाच घराबाहेर पडायचं, तर नीटनेटकं जायला नको? त्यांनी मला रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ घातली, गच्चीवर सावलीत बाजेवर फडकं अंथरून ठेवलं आणि ते दुकानात गेले. वैशाखाचे दिवस. पलीकडे आप्पासाहेबांच्या पत्नी मनकर्णाबाई उडदाचे पापड वाळत घालत होत्या. त्यांची बाज भरली.

"भाभी, तुमच्या बाजंवर जागा हाय का?"

"हौ, हौ, डालो ना!" खालून भाभी म्हणाल्या.

मनकर्णाबाई भिंत ओलांडून आल्या. माझ्या शेजारी पापड पसरले. सावलीत पापड वाळेनात, म्हणून त्यांनी बाज उन्हात ओढली. मला पाहून म्हणाल्या, "ही बी वलीच हाय. लागू दे बिचारीला ऊन." त्या इतक्या मायाळू की दुपारी येऊन पापडांसोबत त्यांनी मलाही उलथलं.

संध्याकाळी पापड सपाट निघाले. मी लाटेसारखी.

युसूफमियाँनी मला फरशीवर ठेवलं. मी सरळ काही बसले नाही. दिवाळसणाच्या त्या पाटासारखी मी डुगडुगले. ते भिंतीला टेकून बसले. दुसरी ओळ आता कायमची गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

भिंतीपलीकडे ही बातमी पोचली.

"अगं माय! म्या तर पलटून बी वाळिवली!" मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग तोच पदर खोचून त्या नवऱ्याकडे वळल्या. "उचला तो बाजा."

"आगं, पण मान..."

"मान बी घाला उन्हात. कडक तरी व्हईल. बारा वरसं झाली, माझा बाप आता घास बी मोजून खातो. तो काय तबकड्या देतो? उचला म्हन्ते ना!"

आणि मित्रांनो, सासऱ्यानं दिलेला बाजा जावयानं स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि भिंतीवर आणून ठेवला.

"युसूफमियाँ," ते घसा खाकरून म्हणाले, "चुकी आमच्या घरची हाय. लावून तर बघा."

चावी फिरेना. बारा वर्षांत बाज्याची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, गंजली होती. पण समोर घड्याळजी बसला होता. युसूफमियाँनी हत्यारं आणली, तेल सोडलं, आतून एक वाळलेली पाल काढली आणि चावी दिली. मला वर ठेवलं. सुई टेकली. आयुष्यातली पहिली सुई! मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी गायलाच लागले.

उंचवटा आला की बाईचा आवाज चढे, खळगा आला की उतरे. जणू ती सोयगावच्या कच्च्या रस्त्यानं बैलगाडीत बसून कावळ्याला निरोप विचारत होती. भाभींनी हसू दाबलं. आप्पासाहेबांनी दाबलं नाही. आणि तेवढ्यात दुसरी ओळ आली. चढली, हेलपाटली आणि जागेवर येऊन बसली.

"यही! यही थी!" युसूफमियाँ ओरडले. डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ते माझ्याबरोबर गायला लागले.

"मूळची अशीच वाकडी व्हती का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"आता आहे."

त्या संध्याकाळी मी सात वेळा गायले. बाजा पुढं कुणाच्याच घरी गेला नाही. भिंतीवरच राहिला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे, वर पत्र्याचं छप्पर. पेटीतल्या सगळ्या जणी वाजल्या. मान कुणाचाच गेला नाही. सासऱ्यांनी पुढच्या दिवाळीला एक तबकडी धाडली, ती भजनाची निघाली, तीही वाजली.

काही वर्षांनी माझंच गाणं रेडिओवर लागलं. सरळ, गुळगुळीत. मनकर्णाबाईंचं लाटणं थांबलं. "ही कोन गाती? हिला नाय येत. गाडीत बसल्यावाणी वाटतच नाय."

"ती त्यांची," युसूफमियाँ भिंतीवरून म्हणाले. "आपली ही."

तेव्हा मला उमगलं, हा माणूस मला 'घरची' का म्हणायचा ते. माझ्यासारख्या तबकड्या कारखान्यानं ढिगानं काढल्या. पण या गच्चीचं ऊन खाल्लेली मी एकटीच.

म्हणून सांगते मित्रांनो, गाणी जमवा, पुसा, जपा. पण पेटीत कोंडू नका. शेजाऱ्याला बोलावून वाजवा. आणि उन्हात ठेवायचेच असतील तर नुसते पापड ठेवा. पापड वाकडा झाला, तर कुणाला डोक्यावर बाजा घेऊन समजूत काढायला यावं लागत नाही.