दारावरची घंटा

तीन वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. फाडलंही नव्हतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते दडवून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून एखादा शब्द कितीही अडला तरी तो खंड ते उघडत नसत.

पत्र शेवटच्या गिरणीवाल्याच्या मुलीचं होतं. ग्रंथपालांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, नदीकाठच्या जुन्या पाणचक्कीचा इतिहास. त्यात पान एकतीसवर होतं की, गिरणीवाल्याला दुपारी डुलकी लागली, पेटीतले दाणे संपले, कोरडा दगड दगडावर घासला आणि ठिणगीनं चक्की जळून खाक झाली. मुलीनं एवढंच लिहिलं होतं : ‘डुलकी लागली असेल. बाबा रोजच दुपारी झोपत. घंटा होती म्हणून झोपत. ती घंटा कुठे गेली, हे तुम्ही कुणाला विचारलंत का?’

घंटा कशी वाजे हे ग्रंथपालांना ठाऊक होतं. चामड्याच्या पट्ट्याचं टोक दाण्यांखाली दाबलेलं असे. दाणे ओसरले की पट्टा सुटे, घंटा खाली येई आणि फिरत्या दगडावर आपटून ठणाणा करी. पण बापाचं नाव धुऊन काढायला लेक काहीही लिहील, असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं. इतक्या वर्षांनी हिला आत्ताच कशी आठवण झाली? हिला कोणी फूस तर लावली नसेल?

आता मात्र चक्कीच्या पडक्या भिंतीपाशी माहितीचा दगड बसणार होता, आणि त्यावर कोरायला तो बसवणाऱ्या समितीनं नेमका पान एकतीसचा मजकूर निवडला होता. येत्या सोमवारी तो कोरणाऱ्याकडे जायचा होता. पुस्तक चुकलं तर कोणी वाचत नाही ही एक सोय असते. दगडाला ती नाही.

“जेवताना भिंतीकडे काय बघत बसतोस?” थोरल्या बहिणीनं विचारलं.

“ताई, मला कोणी फसवलं असेल का गं?”

“तुला? तुझ्यासाठी एवढी मेहनत कोण घेणार? तू आपला आपणच फसतोस. भात घे.”

दुसऱ्या दिवशी ते, गिरणीवाला ज्यांच्याकडे कामाला होता त्या चक्कीमालकांच्या घरी गेले. पुस्तकासाठीचे सगळे कागद इथूनच मिळाले होते. मालकांच्या नातीनं कपाट सताड उघडून दिलं होतं, वर रोज चहा. तेव्हा उदार वाटलेलं ते आता खुपायला लागलं होतं. सगळाच्या सगळा इतिहास एकाच कपाटातून कसा निघाला?

दाराशी त्यांनी दोरी ओढली. ही दोरी त्यांनी पूर्वी निदान चाळीस वेळा ओढली असेल. या वेळी डोक्यात घंटाच होती म्हणून त्यांनी वर पाहिलं. पितळी घंटेची कड एका बाजूनं झिजून सपाट झाली होती, आणि तीही बाहेरून. लोलक तर आतून आपटतो. मग बाहेरून कशानं झिजली?

“या, या! दुसरी आवृत्ती काढताय की काय?” नातीनं दार उघडलं.

“नाही... ही घंटा जुनी दिसते.”

“चक्कीतलीच ती. आग लागून गेल्यावर आजोबांनी आठवण म्हणून आणली.”

“आगीतली? आणि इतकी लखलखीत?”

“पितळ आहे हो, घासलं की लखलखतं.” ती हसली, पण दाराची कडी तिनं हातातून सोडली नाही. “काय शोधताय तुम्ही?”

“काही नाही,” म्हणून ग्रंथपाल मागे फिरले. वाटेत त्यांना तिचा संशय येत होता, आणि तिचा संशय घेणाऱ्या स्वतःचा त्याहून जास्त. ती तरी जे ऐकलं तेच सांगत असेल.

घरी येऊन त्यांनी स्वतःचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, परक्याचं वाचावं तसं. पान नऊवर मालकांचा फोटो होता. नव्या दिवाणखान्याचं बांधकाम पुरं झालेलं, मालक दारात, टोपी हातात. त्यांच्या डोक्यावरच्या काळ्या ठिपक्याला ग्रंथपाल आजवर छपाईचा डाग समजत आले होते. भिंग धरलं तर ती घंटा होती. खालची ओळ त्यांनीच लिहिलेली : रविवार, चार तारीख. पान एकतीसवर आग होती, त्याच महिन्यातली, सोमवार, पाच तारीख. दोन्ही तारखा त्यांनी स्वतः पडताळल्या होत्या. शेजारी शेजारी कधी ठेवल्या नव्हत्या.

रविवारी चक्की बंद असे.

त्यांनी आधी समितीला चिठ्ठी लिहून मजकूर थांबवायला सांगितलं. मग शब्दकोशाचा दुसरा खंड उघडला. उत्तराचे चार कागद वाया गेले. प्रत्येकात ‘बहुधा’ होतं. पाचव्यात ते नव्हतं :

‘घंटा मालकांच्या दारावर आहे. आगीच्या आदल्या दिवशी, चक्की बंद असताना, ती तिथे लागलेली होती. पुरावा माझ्याच पुस्तकात आहे, पान नऊ. पट्टा मात्र चक्कीत जागेवरच असणार, आणि सोमवारी तुमच्या वडिलांनी तो नेहमीसारखा दाण्यांखाली दाबला असणार. एवढं माझं अनुमान आहे. मी कुणालाच विचारलं नव्हतं. दगडावर त्यांचा दोष कोरला जाणार नाही.’

“तीन वर्षं झाली, ताई. ती त्या पत्त्यावर नसली तर? असलीच नाही तर?”

“तर पत्र परत येईल. चल, मीही येते. तू एकटा गेलास तर टपालपेटीपर्यंत जाऊन माघारी येशील.”

पेटीपाशी त्यांनी पत्ता तीनदा वाचला, पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि बहिणीकडे पाहिलं. ती मुद्दाम रस्त्याकडे बघत उभी होती. त्यांनी पाकीट सोडलं.