दुसरा टप्पा

"म्हातारी येतेय ना नक्की?" प्रकल्पप्रमुख हितेंद्र सरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं आणि सारिकाच्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारी! दोन वर्षं हाच माणूस धुरपदाबाईंच्या ओट्यावर मांडी घालून ताक प्यायचा, तेव्हा त्या 'अक्का' होत्या.

गाव पारोळ्यापासून आठ किलोमीटरवर. गावच्या सभागृहात निळा फलक लागला होता, 'हृदयविकार संशोधन प्रकल्प : कृतज्ञता सोहळा'. फलकावर दाता संस्थांची चिन्हं इतकी दाटीवाटीने छापली होती, की गावाचं नाव कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. प्रकल्प तसा साधा होता. ज्यांना एकदा हार्ट अटॅक येऊन गेलाय अशा खेड्यातल्या माणसांना चार औषधं एकाच गोळीत घालून घरपोच द्यायची आणि त्यांच्या तब्येतीचं काय होतं ते बघायचं. नर्सिंगचा कोर्स केलेली सारिका स्कूटीवर पाच गावं फिरून त्या गोळ्या वाटायची. नियम एकच. रिकामं पाकीट परत द्या, भरलेलं घ्या. माणूस गोळ्या खरंच खातो की उकिरड्यावर टाकतो, हे कळावं म्हणून.

गोळ्यांनी गुण दिला, यात शंका नाही. या गावातल्या बेचाळीस जणांपैकी दोन वर्षांत एकच गेला, तोही विहिरीत पडून. हे यश मिरवत प्रकल्पाची माणसं विमानाने कुठेकुठे जाऊन टाळ्या घेऊन आली. मग मार्चअखेर प्रकल्प संपला आणि गोळ्या बंद. सारिकाच्या फोनवर एक ओळीचा निरोप आला, बाकी कुणाला कुणी काही सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यात त्याच गोळ्या सुट्या मिळतात म्हणे. मिळतात म्हणजे दोन कधीमधी असतात, दोन कधीच नसतात.

परवा हितेंद्र सरांचा फोन आला. "दुसरा टप्पा मंजूर झाला, सारिका! तुझी नोकरी दोन वर्षं पक्की." सारिकाला वाटलं, गोळ्या परत सुरू. दुसरं वाटणार तरी काय? ती त्याच संध्याकाळी घरोघर अहिराणीत सांगून आली, "कार्यक्रमले या, बहुतेक गोया सुरू व्हतीन."

म्हणूनच आता सभागृहात शिरल्यावर तिने आधी गोळ्यांची खोकी शोधली; ती कुठेच नव्हती. एकेचाळीस माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी होती. नियमाप्रमाणे सगळे रिकामी पाकिटं घेऊन आले होते.

पहिल्या रांगेत धुरपदाबाई. बासष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, कपाळावर गोंदण. दोन वर्षांत एकही गोळी न चुकवलेल्या म्हणून आज त्यांचा सत्कार. त्यांचे पाय सुजले होते, जिना चढल्याची धाप अजून बसली नव्हती.

"अक्का, कसं शे?" सारिकाने जवळ बसत विचारलं.

"सराले लागन्यात ना गोया, माय. मंग मी काटकसर करी. चौथा रोजले आर्धी खास." चोरून साखर खाल्ल्यासारखं त्या हसल्या. "आते कायजी नही. तू सांगं ना, सुरू व्हतीन म्हनी."

सारिकाने त्यांच्या सुजल्या पायावर बोट दाबून पाहिलं.

दात्यांच्या वतीने परदेशातून आलेले प्रमुख पाहुणे चांगले हसतमुख होते. ते कुणाशी वाईट वागले असं कुणालाही म्हणता आलं नसतं. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. धुरपदाबाईंनी नारळ बाजूला ठेवला, पिशवीतून पाकिटांची चवड काढली आणि दोन्ही हातांनी पाहुण्यांसमोर धरली.

"हाई ल्या रिकामं पाकिटं. आते नव्या गोया द्या, साहेब."

"वा!" हितेंद्र सर फोटोवाल्याकडे वळून ओरडले, "हे घे, हे घे! अक्का, जरा वर धरा." मग पाहुण्यांच्या कानाशी लागून इंग्रजीत म्हणाले, "ती तुमचे आभार मानतेय. आठवण म्हणून तुम्हाला ही भेट देतेय."

पाहुणे गहिवरले. त्यांनी छातीवर हात ठेवून पाकिटं घेतली. टाळ्या पडल्या. हितेंद्रचं घर धुळ्याचं, त्याची आई आजही घरात अहिराणीच बोलते. त्याला शब्द न् शब्द कळला होता. सारिकाला त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची, त्याच्या अत्तराची, त्याच्या हसण्याची शिसारी आली.

ती उठली आणि तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाहुण्यांना म्हणाली, "नो सर. शी इज आस्किंग टॅब्लेट. थ्री मंथ, नो टॅब्लेट. ऑल पीपल, नो टॅब्लेट."

हितेंद्रचा चेहरा उतरला. पाहुण्यांचा मात्र नाही. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि सारिकाला कळेल अशा सावकाश इंग्रजीत समजावलं. हो, त्यांना माहीत आहे. दुसरा टप्पा त्यासाठीच तर आहे. गोळ्या बंद झाल्यावर दोन वर्षांत अशा माणसांचं काय होतं, याची पुरेशी माहिती कुठेच नाही. ही माणसं ती देणार आहेत. पुढे अनेक देशांना त्याचा उपयोग होईल.

सारिकाची पक्की नोकरी ही होती तर! दर तीन महिन्यांनी दारात जायचं आणि कोण मेलं ते लिहायचं.

"काय म्हने तो?" धुरपदाबाईंनी तिचा हात धरला.

हितेंद्रने तोवर संमतीचा कागद आणि शाईचं पॅड सारिकाच्या हातात कोंबलं होतं. "विषय वाढवू नकोस," तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "फक्त अंगठे घे."

"अक्का," सारिका सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "गोया नहीत. बंद व्हयन्यात त्या व्हयन्यातच. आते गोया नही भेटन्यात म्हनी कितला लोके मरतस, हाई त्यासले दखनं शे. तेन्हासाठे हाऊ अंगठा."

धुरपदाबाई कागदाकडे पाहत राहिल्या.

"मंग मी मरसू का जगसू, हाई लिखाले तूच येशी का?"

सारिकाने हो म्हणून मान हलवली.

"आनि अंगठा नही दिधा ते तुनी नोकरी जाई?"

सारिकाच्या बापाचं आजारपण आणि घरातली तीन तोंडं अक्कांना ठाऊक होती. ओट्यावर बसून तिनेच सांगितली होती.

"मंग दुसरं कोनी नको, माय. तूच ये," धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांनी पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर नीट, सावकाश टेकवला.

सारिकाने तो कागद ओढून घ्यायला हवा होता, फाडायला हवा होता. तिने फाडला नाही. खुर्च्या सरकल्या, माणसं उठून अक्कांच्या मागे उभी राहिली.

"पुढचे," हितेंद्र सर म्हणाले, आणि सारिकाने पॅड पुढच्या माणसासमोर धरलं.