जांभळ्या शाईची पोच

मी शिक्का बोलतोय. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक टेबलावरचा. माझ्यासाठी तुम्हीही कधीतरी एखाद्या खिडकीपाशी ताटकळत उभे राहिला असाल. लाकडी मूठ, पोटात तारखेची चाकं आणि तोंडात एकच शब्द, ‘मिळाले’. एवढ्याशा शब्दाला कोण विचारतो, असं वाटेल. पण मी उमटलो की कागदाची पोच मिळते. मग ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ असं कुणाला म्हणता येत नाही.

एका अरुंद दुकानात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. पहिला ठसा त्याने स्वतःच्या तळहातावर उमटवून पाहिला, मान डोलावली आणि मला पुडीत बांधलं. तिथून मी थेट आवकताईंच्या हातात आलो.

खरं नाव वेगळं होतं त्यांचं, पण आवक टेबलावर बसतात म्हणून सगळे त्यांना आवकताईच म्हणत. सकाळी आल्या की पिशवी खुंटीला लावायच्या आधी अंगठ्याच्या नखाने त्या माझी तारीख पुढे सरकवत. साहेब आले नसले तरी चालेल, तारीख बदललेली हवी! दुपारी पंख्याच्या वाऱ्याने माझ्या तोंडावरची शाई वाळायची. मग त्या मला ओठांजवळ नेत आणि ‘हाऽ’ करून फुंकर घालत. त्या उबेने मी पुन्हा ओला होई आणि ठसा लख्ख उठे. अकरा वर्षं ती ऊब मला मिळाली. आज तिच्यासाठी जीव तुटतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याच कार्यालयात पाण्याचे नमुने तपासणारा एक माणूस होता. गावभर नळांखाली बाटल्या धरत फिरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं बाटलीभाऊ. नवीन माणसं त्या नावाचा भलताच अर्थ काढायची आणि तो बिचारा हसून घ्यायचा.

एका सकाळी मात्र तो हसत नव्हता. हातात एकाच तक्रारीच्या दोन प्रती होत्या.

“ताई, शाळेजवळच्या नळाचं पाणी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा खराब. मी ‘पिण्यास अयोग्य’ लिहितो आणि वरच्या टेबलावरून अहवाल बाहेर पडताना त्याचं ‘योग्य’ होतं.”

“साहेबांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, तुम्ही बाटल्या भरा, डोकं चालवू नका.”

शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक कुजबुजले, “कशाला हात दाखवून अवलक्षण? त्यांचा कागद घेऊ नका असं साहेबांनी तोंडी सांगितलंय ना?”

“तोंडी सांगितलंय,” ताई म्हणाल्या. “लेखी आलं की बघू.”

सूचनाफलकावर एक परिपत्रक कधीचं डकवलेलं होतं. गैरप्रकार कळवणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची त्या कारणाने बदली करता येणार नाही, त्याला निलंबित करता येणार नाही, त्याची बढतीही अडवता येणार नाही. लोक त्यावर छत्र्या टेकवत. पण हे संरक्षण सुरू व्हायचं तक्रार पोचल्या दिवसापासून. म्हणजे माझ्यापासून! ताईंनी माझी तारीख एकदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. बारा. मग मला दोन्ही प्रतींवर दाबलं. एरवी त्या मला टेकवून उचलत, त्या दिवशी त्यांनी माझ्यावर अंगाचा भार टाकला.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो, तिच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. अकरा तारखेला संध्याकाळी आमची निळी शाई संपली होती. ताईंनी भांडारातून निळीच मागवली, आणि भांडाराने नेहमीच्या हुशारीने बाराच्या सकाळी जांभळी पाठवली. ताई चिडल्या, पण काम थांबवायचं कसं? त्या दिवसापासून माझं तोंड जांभळं झालं.

चौदा तारखेला साहेब स्वतः आवक टेबलापाशी आले. एरवी ते घंटी वाजवतात, टेबलापाशी येत नाहीत. हातात मुख्य कार्यालयाचं एक पत्र होतं, बाटलीभाऊच्या बदलीचं.

“ताई, यावर अकराची तारीख टाका. तीन दिवसांपूर्वीच आलं होतं, माझ्या टेबलावर राहून गेलं.”

“आज हातात आलं, साहेब. आजची टाकते.”

“अहो, दोन-तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?”

“त्या दोन-तीन दिवसांनीच त्यांची तक्रार आधीची होते आणि बदली नंतरची. म्हणूनच तुम्ही आलात ना?”

साहेबांनी मला ताईंच्या हातातून काढून घेतलं, चाक मागे फिरवलं आणि ठसा मारला. मला ओरडता येत नाही. आलं असतं तर सगळं कार्यालय गोळा केलं असतं.

बाटलीभाऊ दूर गेला. बदलीविरुद्धच्या त्याच्या अर्जावर चौकशी लागली तोवर दोन महिने उलटले होते. चौकशी अधिकारी बाईंसमोर साहेब निवांत बसले होते. “कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, मॅडम. बदली आधीच झाली होती. हा पाहा अकराचा शिक्का.”

बाईंनी अकरा तारखेचे सगळे कागद मागवले आणि टेबलावर पसरले. सगळे निळे! साहेबांचा तेवढा एक जांभळा.

“हा कुणी मारला?” बाईंनी ताईंकडे पाहिलं.

ताईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मूग गिळून बसल्या असत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता.

“साहेबांनी. माझ्या हातातून घेऊन.”

बाटलीभाऊ परत आला. शाळेजवळचा नळ बंद झाला, नवी जलवाहिनी टाकली गेली. साहेब गेले, अर्थात मोठ्या कार्यालयात. पण जाण्याआधी त्यांनी एका शेवटच्या आदेशावर सही केली. ‘प्रशासकीय सोयीसाठी’ आवकताई जुन्या पाइपांच्या भांडारात, जाऊन येऊन पाच तासांच्या वाटेवर. कायद्याने वाचवलं ते तक्रार करणाऱ्याला. ताई तर नुसत्या खरं बोलल्या होत्या.

जाताना त्यांनी मला पुसलं, खणात ठेवलं आणि खण जरा उघडाच ठेवला. जणू लगेच परत येणार होत्या.

त्यांच्या जागी एक चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांच्याबरोबर संगणक आला, आणि पोच म्हणून यंत्रातून चिठ्ठी निघू लागली. मी टाचण्यांच्या डबीशेजारी पडून राहिलो. माझी तारीख ताई गेल्या त्या दिवसावरच थांबली. रोज सकाळी खुंटीचा आवाज झाला की वाटे, आता नख लागेल. खुंटीला चष्मेवाल्यांची टोपी लागायची.

बाटलीभाऊ अधूनमधून येऊन फलकापाशी उभा राही. एकदा त्याने ते परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि त्याच दुपारी ताईंच्या भांडाराची बस धरली. पुढच्या आठवड्यात खिडकीबाहेर आवाज आला, आणि माझं रबर थरथरलं.

“अर्ज द्यायचाय. दोन प्रती आहेत.”

ताई! केस पिकले होते, पिशवी तीच होती.

“शेवटच्या कलमात लिहिलंय,” त्या चष्मेवाल्यांना सांगत होत्या, “साक्ष देणाऱ्यालाही तेच संरक्षण. फक्त लेखी मागावं लागतं. मी मागतेय.”

“चिठ्ठी देतो ना, ताई.”

“चिठ्ठीवरची अक्षरं उडतात. मला शिक्का हवा.”

खण उघडला. चष्मेवाल्यांनी मला पॅडवर आपटलं, पण पॅड वाळून खडखडीत झालं होतं. त्यांनी तारीख फिरवून दोनदा दाबून पाहिलं. कागद कोराच राहिला.

“इकडे द्या जरा,” ताईंनी खिडकीतून हात आत घातला.

त्यांच्या हातात मी किती दिवसांनी गेलो! त्यांनी अंगठ्याने माझ्या तोंडावरची धूळ पुसली, मला ओठांजवळ नेलं आणि ‘हाऽ’ केलं. जुनी जांभळी शाई ओलावली. वाटलं, आता दाबतील, एकदाच. पण त्यांनी मला चष्मेवाल्यांच्या हातात परत दिलं.

“तुम्ही मारा. आपल्या कागदावर आपणच शिक्का मारायचा नसतो.”

ठसा फिका उठला, पण तारीख वाचता येत होती. ताईंनी पोच पिशवीत घातली आणि बस चुकेल म्हणून घाईने निघाल्या. मला पुन्हा खणात टाकलं गेलं.

त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. तुम्ही या खिडकीशी आलात तर एवढंच करा, या जुन्या शिक्क्याला भंगारात टाकू देऊ नका. त्या परत येतील त्या सकाळी, पिशवी खुंटीला लावायच्या आधी, त्यांना माझी तारीख बदलायची आहे.