लाभ सकाळीच गेला

"हा लाभ कोण?" असं त्या साहेबानं विचारलं तेव्हा गोविंदाच्या दोन्ही हातांत तार होती.

मोटरीच्या खाचेतून तार ओढताना मध्येच थांबलं की वेढ्यांची गिनती चुकते. म्हणून तो उठला नाही. नांदुऱ्यात आमचं जळालेल्या मोटरी नव्या तारेनं भरायचं दुकान आहे. आमचे मालक वारल्यावर मीच चालवलं. चौथी शिकलेली बाई काय दुकान चालवणार, असं म्हणणाऱ्यांच्याच मोटरी जळून माझ्या दारात आल्या. कामाला दोघं, दुसरबीडचा गोविंदा आणि रंगराव. गोविंदाची बोटं अशी, की चौदा वर्षांत तारेवरचं प्लास्टिक कधी नखाएवढं सोललं नाही.

अकराच्या सुमाराला दोन पांढऱ्या गाड्या दारात लागल्या. उतरलेल्या सहा माणसांचे कपडे साधे होते, कमरेला लावलेलं साधं नव्हतं. मुंबईकडून आलो, पोलीस आहोत म्हणाले. कुठंतरी मोठा घातपात होणार अशी त्यांना खबर होती. आणि आमच्या फळीवर काय, तर सात जुने मोबाइल, पाठी उघडलेल्या, लाल-काळ्या तारा बाहेर काढलेल्या.

आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. विहीर लांब, आणि लाइन येते तिच्या मर्जीनं. म्हणून मोटरीच्या डब्यात जुना मोबाइल जोडून द्यायचा. घरी बसून रिंग दिली की तिकडं मोटर चालू. आम्ही त्याला ऑटो म्हणतो. त्यांच्या साहेबानं बॉम्ब म्हटलं.

प्रत्येक मोबाइलवर चिठ्ठी होती. दोन, तीन, असं आठपर्यंत. ऑटोचे फोन नंबर लिहायच्या वहीतही तसंच. फक्त पहिल्या फोन नंबरापुढं 'एक' हा आकडा नव्हता, लाभ लिहिलं होतं.

ते माझं काम. धान्य मोजताना पहिल्या पायलीला आमच्यात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सासूनं मला शिकवलं, मी दुकानात आणलं. गोविंदा पहिल्या दिवशी वेढे मोजताना "एक" म्हणाला, तेव्हा मी त्याला असं झापलं की बिचाऱ्यानं चहा घेतला नाही. एकापासून सुरू केलं की माणूस एकटा पडतो, लाभ म्हण. तेव्हापासून त्याच्या तोंडून एक निघाला नाही.

साहेबानं पुन्हा विचारलं, लाभ कुठं आहे. गोविंदाला खोटं बोलता येत नाही. खरं कुणापुढं कसं बोलावं तेही येत नाही.

"लाभ सकाळीच गेला साहेब. संग्रामपूरले."

"कोणाबरोबर?"

"रंगरावसंगं. बसनं."

"तिथं काय करणार आहे?"

"दुपारपर्यंत चालू होईन."

एकानं शटर खाली ओढलं. आत अंधारलं, तारेच्या रिळावर तेवढा उजेड राहिला.

त्या वेळी मी हात जोडून दोन शब्दांत समजावलं असतं, तर. पण ही जीभ.

"काहो साहेब, तुमच्या मायनं घरात कधी धान्य मोजलं नाही काय? लाभ म्हणजे पहिला. माणूस नाही बाप्पा तो, मोटरीचा डबा आहे."

त्यांच्यातला एकजण, इकडचाच असावा, मान खाली घालून हसला. साहेबानं ते पाहिलं. म्हाताऱ्या बाईला हात कसा लावायचा. त्यानं फळीवरची लाकडी हातोडी उचलली. तार खाचेत दाबून बसवायला आम्ही ती वापरतो. गोविंदाला म्हणाला, हात खाली ठेव.

गोविंदानं आधी तारेचं टोक खिळ्याला नीट गुंडाळलं. मग हात ठेवले.

"बाई, तुमी तिकडं पाहा," एवढंच म्हणाला.

मी तिकडं पाहिलं नाही. माझ्या तोंडानं आणलेला मार होता, तो मी नाही पाहायचा तर कोणी?

त्याला घेऊन गेले. रंगरावला ऑटो बसवून परतताना संग्रामपूरच्या स्टँडवर उचललं.

रोज मी ठाण्यात जेवणाचा डबा घेऊन गेले. टेबलावरचा शिपाई म्हणायचा, या नावाची माणसं आमच्याकडं नाहीत. डबा परत. तिसऱ्या दिवशी मी त्या पोराएवढ्या शिपायाला म्हणाले, चुकलं माझं. जन्मात पहिल्यांदा म्हणाले. त्यानं वर पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी संग्रामपूरचे किसनराव टेम्पोत जळकी मोटर आणि ऑटोचा डबा घालून आले. सकाळीच गेलेला पहिला ऑटो त्यांच्याच विहिरीवर बसला होता. आले ते तणतणत.

"बाई, ऑटो देल्ला का भूत देल्लं? कोण जाणे दिवसभर रिंग देऊन राह्यलं. मी बंद करू, ते पुन्हा चालू. विहिरीतलं पाणी सरलं, मोटर जळाली."

मी तिथंच ओट्यावर बसले. ते मुंबईचे साहेब लोक लाभला फोन लावत होते. तो उचलेल म्हणून.

किसनरावांना, ऑटोच्या डब्याला आणि मोटरीला तसंच ठाण्यात नेलं. त्यांचा आवाज मोठा, जमीनही मोठी. संध्याकाळी दोघांना सोडलं. कागद नाही, काही नाही. चौकशी झाली, जा. रंगराव कामावर परत आला नाही. फोन वाजला की घरातून उठून बाहेर जातो, असं त्याची बायको सांगते.

गोविंदा बाराव्या दिवशी दुकानात आला. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. मी म्हटलं, बस. मी ओढते, तू मोज. लाकडी घोडीवर किसनरावांचीच मोटर होती, जुनी तार काढून साफ केलेली. मी पहिल्या खाचेत तार घातली. माझा हात बोजड. तो माझ्या बोटांकडं पाहत होता, स्वतःची मांडीखाली घेऊन.

पहिला वेढा बसला.

"एक," गोविंदा म्हणाला.

हातात तार तशीच धरून मी त्याच्याकडं पाहिलं. तो खाचेकडंच पाहत होता.

थांबलं की गिनती चुकते. मी दुसरा वेढा ओढला.