बाकीचे आठ भाग

शीलानं अंगठ्यानं पान दाबून धरलं आणि उरलेल्या बोटांनी उलटायला गेली. पान अर्ध्यावर अडलं, परत मागं पडलं. डाव्या हातात दोन सुया टोचलेल्या होत्या, तो हलवायचा नव्हता. जाड पुस्तक छातीवर टेकवून तिनं पुन्हा प्रयत्न केला. पान उलटलं आणि मग लक्षात आलं, मागचं वाचलंच नव्हतं.

वाशिमच्या डायलिसिस केंद्रात तिची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी नऊ ते एक. इंझोरीहून पहिल्या गाडीनं यायचं. दोन वर्षं हेच चाललं होतं. शेजारच्या खाटेवर कारंज्याचे सैफुद्दीनचाचा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता नजर अधू झालेली. शीला वाचायची आणि पुढची गोष्ट त्यांना सांगायची.

"मंग? निघालं का जहाज?" चाचांनी विचारलं.

"निघालं. पृथ्वी आता ठिपक्याएवढी दिसून राह्यली त्याइले."

"पोचनार कधी?"

"दोनशे वर्षानं. बसले त्यातलं कोनीच पोचत नाई, चाचा. त्याइचे नातू-पणतू पोचतीन."

"मंग हे बसले कायले?"

 शीलानं दाराकडं पाहिलं.

पुस्तक तिच्या धाकट्या भावानं दिलेलं. धम्मपाल रिसोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा आणि असली पुस्तकं जमवायचा. नऊ भागांतला हा पहिला, पाचशे पानांचा. तो देऊन गेला, त्यानंतर महिन्याभरात त्याच्या तपासण्या झाल्या आणि त्याची किडनी तिला जुळली. शीलानं मागितली नव्हती, तो आपणहून तयार झाला होता. काल नागपूरच्या दवाखान्यात जाऊन त्यानं कागदांवर सही करायची होती. संध्याकाळी फोन लावला तर बंद. आज सकाळी त्याच्या बायकोनं, वर्षाराणीनं, उचलला. "ते आंघोळीले गेले," म्हणाली. पाठीमागून धम्मपालचा खोकला स्पष्ट ऐकू येत होता.

चादरीखाली शीलाचा पाय सारखा हलत होता. एकच ओळ तिनं तीनदा वाचली. सिस्टर येऊन मशीनकडं बघत म्हणाली, "बीपी वाढून राह्यलं, ताई. ठेवा ते पुस्तक."

"पुस्तकानं नाई वाढत."

बाराच्या सुमारास धम्मपाल दारात उभा दिसला. शाळेचा दिवस, आणि हा इथं. खांद्यावर भरलेली पिशवी. त्यानं ती खाटेच्या पायथ्याशी टेकवली आणि एकेक पुस्तक काढून तिच्या पायाजवळ रचलं. दुसरा भाग, तिसरा, चौथा. नववा सगळ्यांत वर ठेवला.

"सगळेच आनले," तो म्हणाला. "तुह्याजवळच राहू दे आता."

शीला त्या चळतीकडं बघत राहिली. पाय हलायचा थांबला.

"काल गेलता का तू?"

"बसस्टँडपर्यंत गेलतो." तो तिच्याकडं बघत नव्हता. नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडं बघत होता. "दोन गाड्या सोडल्या. मंग घरी आलो."

"भेव वाटलं?"

त्यानं मान डोलावली. "वर्षाराणीचं काई नाई त्यात. तिनं तं डबा बांधून देल्ला होता. मीच..."

चाचांनी हळूच भिंतीकडं तोंड फिरवलं.

आई गेली तेव्हा धम्मपाल सहा वर्षांचा होता. शीलानंच त्याला वाढवलं. ते आता बोलून दाखवता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही. तिनं ओठ मिटून घेतले. मशीन मध्येच किणकिणलं, सिस्टरनं येऊन एक बटण दाबलं आणि गेली.

"दुसरा ठेव," शीला म्हणाली. "बाकीचे घेऊन जाय."

"अवं ताई, आता आनलेच तं..."

"नाई. दुसरा वाचून झाला का फोन करीन. मंग तिसरा घेऊन ये." ती थांबली. "तूच ये. अन् फोन उचलत जाय."

 धम्मपाल खाली बसून सात पुस्तकं पिशवीत भरू लागला. सहावा भाग आधी गेला, मग तिसरा, मग नववा. क्रम काही त्याला लागत नव्हता.