थरथरत्या हातांचे नमुने

मोनालीच्या वडिलांना, मच्छिंद्रांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि दौंडच्या रेल्वे यार्डात दिवसभर ओरडणारा माणूस मुका झाला. उजवा हातही गेला. डाव्या हाताने लिहीत, पण ते अक्षर घरात कुणाला लागत नसे. मग चिडून कागद चुरगाळून फेकून देत.

"आप्पा, जरा दम धरा. तुम्ही लिवा, मशीन बोलंल," मोनालीने शब्द दिला होता.

शिरूरच्या एका कॉलेजात ती हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रोग्रामवर काम करत होती. असा प्रोग्राम आधी अक्षराच्या खुणा टिपतो. रेघ कुठे वळते, कुठे तुटते, काना किती खाली येतो. हात कापला की या खुणांचा पार विचका होतो. थरथर वगळून खरं वळण तेवढं उचलायचं, ही मोनालीची युक्ती. त्यासाठी तिला म्हाताऱ्यांची अक्षरं हवी होती. राहू गावच्या सोजरआत्याने घरोघर फिरून गठ्ठाच पाठवला आणि प्रोग्रामने तो घडाघडा वाचला. एवढ्या म्हाताऱ्यांच्या लिहिण्यात थरथर कशी नाही, असं या शहाण्या मोनालीच्या मनातसुद्धा आलं नाही. तिला ती आपल्या युक्तीची कमाल वाटली. कॉलेजात पेढे वाटले गेले.

रविवारी तिने आप्पांपुढे टॅब ठेवला. बघायला आत्या आणि तिची मुलगी अनिता मुद्दाम आल्या होत्या. आप्पांनी सकाळीच दाढी करून घेतली होती. जीभ दातांत धरून त्यांनी एक ओळ लिहिली.

"गवत पाच नळ," टॅब बोलला.

आप्पांनी जोराने मान हलवली, पुन्हा लिहिलं. टॅब पुन्हा काहीतरी बरळला. तिसऱ्यांदा तर तो गप्पच बसला.

मोनालीने तिथेच लॅपटॉपवर राहूचे कागद एकाखाली एक लावून पाहिले. नावं निराळी, पण वळण एकच. टपोरं, सुबक.

"आत्या, हे कुणी लिवलंय?"

"आपल्या अनितानं," आत्या कौतुकाने म्हणाली. "बक्षीस हाय तिला अक्षराचं. म्हाताऱ्यांनी लिवलं व्हतं गं, पर कोंबडीचं पाय नुसतं! समदी लाजत व्हती. कालेजात तुझं हसं नगं म्हणून हिच्याकडनं परत लिवून घेतलं."

"आन् त्यांचे कागद?"

"चुलीत घातलं. ठिवून काय करायचं व्हतं?"

"वाटोळं केलंस, आत्या!" मोनाली कडाडली. "मला तसलीच घाण अक्षरं पायजे व्हती! ह्या आप्पांसारखी!"

बोलून गेल्यावर तिने आप्पांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. तिला स्वतःचीच किळस आली.

"आप्पा, तुम्हीच लिवा," ती त्यांच्या गुडघ्याशी बसली. "रोज थोडं थोडं. तुमच्याच अक्षरावर मशीन शिकवते मी. नक्की शिकंल."

आप्पांनी स्वतःच्या वेड्यावाकड्या ओळीवर तळवा फिरवून ती पुसायचा प्रयत्न केला. मग हात लांब करून पेन अनितापुढे धरलं.

अनिताने आज्ञाधारकपणे ते घेतलं, टॅब मांडीवर ओढला.

"काय लिवू, मामा?" तिने विचारलं.