शामकलाबाईचे सूप

मी एक जुने सूप आहे, गोंदियाजवळच्या दवनीवाड्यातल्या एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातले. बुरडाने मला कोवळ्या बांबूच्या कामट्यांनी विणले, तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. त्या शेतकऱ्याच्या बायकोने, शामकलाबाईने, मला शेणाने सारवले आणि त्या दिवसापासून मी तिचेच झाले. मित्रांनो, तिच्यासारखे पाखडणे मी पाहिले नाही. लग्नघरचे तांदूळ लोक मुद्दाम तिच्याकडे आणत. थोडी शेखी मीही मिरवत असे!

पुढे शामकलाबाई विसरू लागली. विहिरीवरून घरची वाट चुके. स्वतःच्याच ओसरीवर बसून "मले घरी ने" म्हणत रडे. मग सून प्रेमिलाने मला तिच्या हाती दिले. नावे गेली होती, पण हात काहीच विसरले नव्हते. दुपारभर ती पाखडे आणि शांत होई. तिची पाठ वळली की प्रेमिला त्याच निवडलेल्या तांदळात कोंडा कालवून ठेवी, उद्यासाठी. ही लबाडी मला फार आवडे.

पण गावात कुजबुज झाली की सून वेड्या सासूला राबवते. मुलगा मनिराम लाजेने पेटला.

"मायले कायले काम सांगून राहिली? लोकं काय म्हणतीन?"

"काम नाई जी. तिचा जीव लागते तिथं."

त्याने ऐकले नाही. मला खुंटीवर टांगले आणि गोंदियाच्या बाजारातून मायसाठी जपाची तुळशीची माळ आणली. तिने जन्मात माळ ओढली नव्हती. तिने दोरा तोडला, मणी ओंजळीत घेतले आणि फुंकर मारून नसलेला कोंडा उडवू लागली. मनिरामने मणीही काढून घेतले. मग ती रडत दाराबाहेर पळे, म्हणून दाराला कडी लागली. मी वरून सारे बघत होते. फार वाईट वाटे.

चार महिन्यांनी तिचे रडणेही थांबले. ती नुसती भिंतीकडे बघत बसे. तेव्हा मनिराम घाबरला. त्याने स्वतः मला खाली काढले, दोन मुठी तांदूळ घातले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

"माय, पाखड ना वं."

तिने माझ्या काठावरून बोट फिरवले.

"हे काय होय, बाबू?"

त्याने तिचे हात धरून मला हलवून पाहिले. तांदूळ ओसरीभर सांडले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी विसरू लागले, तर त्यांच्या हातांना अजून काय येते ते बघा. तेच त्यांच्यापुढे ठेवा, गाव हसले तरी हसू द्या. मनिरामला हे कळले, तेव्हा तो सांडलेले दाणे वेचत होता आणि त्याची माय त्याला विचारत होती, "तू कोनाचा होय रे? काऊन रडून राहिला?"